मोठे ग्राफिक्स कार्ड आणि लिक्विड कुलर : एकाच कॅबिनेटमध्ये कसे बसवावेत ?

शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांची गावे. शिरूर घोड नदीच्या काठी, तर दौंड भीमेच्या. शिरूरजवळ रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, दौंडजवळ कुरकुंभची. या दोन्ही बाजारपेठांत मोबाईल दुरुस्ती, झेरॉक्स, फोटो स्टुडिओ आणि संगणक जोडणीची छोटी दुकाने आपल्या अनेक बंधूंनी थाटली आहेत. एकेकाळी या दुकानांतून साधा संगणक जोडून दिला की काम भागत असे. आता तसे राहिलेले नाही. लग्नाचे व्हिडिओ संकलित करणारा, इमारतीची त्रिमिती चित्रे काढणारा, कारखान्यासाठी डिझाईन करणारा आणि गेम खेळणारा तरुण, हे सारे ग्राहक मोठे ग्राफिक्स कार्ड मागतात. त्याच्या जोडीला "प्रोसेसरला लिक्विड कुलर लावा" असाही आग्रह असतो.

ग्राहकाची मागणी बरोबर की चूक हा पुढचा प्रश्न. पण या दोन वस्तू एका कॅबिनेटमध्ये बसवताना जी चूक होते, ती दुकानदाराला महागात पडते. समजा, तीन लाखांच्या संगणकावर दुकानदाराला सात-आठ हजार रुपये सुटणार आहेत. त्याने पुण्याच्या तापकीर गल्लीतून माल आणला, बॉक्स उघडले, आणि बसवायला घेतल्यावर कळले की कार्ड रेडिएटरला अडते. बॉक्स उघडलेला माल परत घ्यायला कोणी सहजासहजी तयार होत नाही. दुसरे कॅबिनेट घ्यावे तर नफा गेला, दुसरे कार्ड घ्यावे तर भांडवल अडकले. ही सारी हानी टाळण्यासाठी लागते ती एक मोजपट्टी आणि अर्ध्या तासाचा हिशेब. तो हिशेब कसा करावा, हे या लेखात पाहू.

कार्ड एवढे मोठे का झाले ?

ग्राफिक्स कार्डाचा आकार वाढला तो त्यातील उष्णतेमुळे. एनव्हिडिया कंपनीची काही कार्डे पाहिली तर हे ध्यानात येते. २०१६ साली आलेले जीटीएक्स १०८० हे कार्ड १८० वॅट वीज घेत असे. २०२० च्या आरटीएक्स ३०८० ने ३२० वॅट घेतली. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० ला ४५० वॅट लागली आणि २०२५ च्या आरटीएक्स ५०९० ला ५७५ वॅट. कार्डात गेलेली वीज अखेर उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडते. ती बाहेर टाकण्यासाठी ॲल्युमिनियमच्या पात्यांचा मोठा ठोकळा आणि दोन-तीन पंखे लागतात, म्हणून कार्ड लांब, रुंद आणि जाड होते.

एनव्हिडियाचे स्वतःचे आरटीएक्स ४०९० हे कार्ड ३०४ मि.मी. लांब, १३७ मि.मी. रुंद आणि ६१ मि.मी. जाड आहे. वजन दोन किलोच्या वर. इतर कंपन्यांनी याच चिपवर काढलेली कार्डे याहूनही लांब असतात. नेहमीच्या मोठ्या मदरबोर्डची उंचीच ३०५ मि.मी. असते. म्हणजे कार्ड आता मदरबोर्डएवढे झाले आहे.

त्याच संगणकातील मोठा प्रोसेसर, उदाहरणार्थ इंटेलचा कोअर आय-९ १४९००के, पूर्ण भारावर २५३ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. दोन्हींची बेरीज सातशे वॅट होते. घरातली साधी इस्त्री साधारण साडेसातशे ते हजार वॅटची असते. थोडक्यात, एका पत्र्याच्या पेटीत आपण जवळजवळ एक इस्त्री तासन् तास चालू ठेवतो. हे ध्यानात घेतले म्हणजे पुढचे सारे नियम आपोआप समजतात.

लिक्विड कुलर म्हणजे काय ?

लिक्विड कुलरमुळे उष्णता नाहीशी होते असा गैरसमज आहे. कुलर ती फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो. प्रोसेसरवर तांब्याची पट्टी असलेला पंप बसतो. पंप द्रव फिरवतो, दोन रबरी नळ्यांतून तो रेडिएटरपर्यंत जातो आणि तेथे पंख्याच्या वाऱ्याने गार होऊन परत येतो. मोटारीच्या इंजिनाला जो रेडिएटर असतो, त्याचेच हे लहान रूप होय.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, रेडिएटर ही जागा खाणारी वस्तू आहे. दुसरी, वारा खोलीतला असल्याने द्रव खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. मे महिन्यात आपल्या भागात पारा चाळिशी गाठतो. पत्र्याच्या छताखालच्या दुकानात तर अधिकच. तेथे कितीही महाग कुलर लावला तरी त्याला मिळणारा वारा चाळीस अंशांचाच. ग्राहकाला हे आधीच सांगितलेले बरे.

मापे कशी घ्यावीत ?

रेडिएटरची जाडी बहुधा २७ मि.मी. असते, काही कंपन्यांची ३८ मि.मी. असते. त्यावर बसणारा पंखा २५ मि.मी. जाड असतो. म्हणजे साधा रेडिएटर आणि पंखा मिळून ५२ मि.मी. आणि जाड रेडिएटर असेल तर ६३ मि.मी. लांबीच्या बाबतीतही नावावर जाऊ नये. २४० चा रेडिएटर टोकाच्या टाक्या धरून सुमारे २७७ मि.मी. भरतो आणि ३६० चा सुमारे ३९७ मि.मी.

आता समजा, कॅबिनेटच्या बॉक्सवर "कार्ड ३६० मि.मी. पर्यंत" असे छापले आहे. रेडिएटर पुढच्या बाजूला लावायचा आहे. हे माप कंपनीने पुढे पंखा नसताना घेतले असेल तर ३६० मधून ५२ वजा करावेत. उरले ३०८. यात ३०४ मि.मी. चे कार्ड कागदावर बसते, पण मोकळी जागा उरते चार मि.मी., म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढी. कार्ड स्लॉटमध्ये घालताना ते थोडे तिरपे करावे लागते. म्हणून किमान दहा मि.मी. मोकळे ठेवावेत, असा नियमच करून टाकावा. याच कॅबिनेटमध्ये जाड रेडिएटर लावला तर ३६० वजा ६३, उरले २९७. कार्ड बसतच नाही.

तेच माप पंखा धरून घेतले असेल तर फक्त रेडिएटरचे २७ वजा होतील आणि ३३३ मि.मी. उरतील. एकाच छापील आकड्याचे असे दोन अर्थ होतात. म्हणून छापील आकड्यावर विसंबून न राहता रिकाम्या कॅबिनेटमध्ये मागच्या स्लॉटच्या पत्र्यापासून पुढच्या पत्र्यापर्यंत स्वतः पट्टी लावावी.

याहून सोपी युक्ती म्हणजे पुठ्ठ्याचे कार्ड. कंपनीने दिलेली लांबी, रुंदी आणि जाडी घेऊन जाड पुठ्ठ्याची तेवढीच पेटी कापावी व चिकटवावी. तसाच रेडिएटरचाही पुठ्ठा करावा. हे दोन्ही रिकाम्या कॅबिनेटमध्ये धरून पाहावेत. शिंपी कापड कापण्याआधी कागदी नमुना करतो, त्यातलाच हा प्रकार. दहा रुपयांचा पुठ्ठा दीड लाखाचे कार्ड वाचवतो.

लांबीखेरीज आणखी दोन मापे राहतात. पहिले जाडीचे. मदरबोर्डवरील दोन स्लॉटमधील अंतर २०.३२ मि.मी. असते. ६१ मि.मी. जाडीचे कार्ड तीन स्लॉट व्यापते, त्यामुळे खालच्या स्लॉटमध्ये दुसरे कोणतेही कार्ड लावायचे असल्यास जागा उरते की नाही हे पाहावे. दुसरे रुंदीचे. नव्या कार्डांना वीज देणारा सोळा पिनांचा कनेक्टर कार्डाच्या काचेकडील कडेवर असतो. त्याची वायर कनेक्टरपासून निदान ३५ मि.मी. सरळ जाऊ द्यावी आणि नंतरच वळवावी. १३७ अधिक ३५ म्हणजे सुमारे १७२ मि.मी. झाले. एवढी जागा नसेल तर काच बंद करताना वायर दाबली जाते. २०२२ साली आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर हा कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. कनेक्टर पुरता आत न बसणे हे त्यातील एक मोठे कारण आढळले. २०२३ मध्ये या कनेक्टरची सुधारित रचना आली, तरी काळजी तीच घ्यायची : खट् आवाज होईपर्यंत आत ढकलावा आणि फट राहिली नाही हे बॅटरीच्या उजेडात पाहावे.

रेडिएटर वर लावावा की पुढे ?

हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे. दोन्ही जागांचे गुणदोष समजून घ्यावेत.

रेडिएटर वर, छताला लावला तर कार्डाच्या लांबीशी त्याचा संबंध येत नाही. पुढचे पंखे खोलीतली ताजी हवा थेट कार्डावर सोडतात आणि वरचे पंखे गरम हवा बाहेर काढतात. गरम हवा वर जाते, त्यामुळे वाटही सरळ राहते. तोटा एवढाच की, कार्डाने गरम केलेली हवा रेडिएटरमधून जाते आणि प्रोसेसर थोडा अधिक तापतो. येथे अडचण येते ती रॅमची. छताचा पत्रा आणि मदरबोर्डची वरची कड यांत ५२ मि.मी. जागा नसेल तर रेडिएटरचे पंखे रॅमवर येतात. साधी रॅम सुमारे ३१ मि.मी. उंच असते, पण शोभेचे पत्रे आणि दिवे असलेली रॅम त्याहून बरीच उंच भरते. अशा वेळी साधी रॅम घेतली की प्रश्न सुटतो. कामात काही फरक पडत नाही.

रेडिएटर पुढे लावला तर प्रोसेसरला ताजी हवा मिळते, पण तीच तापलेली हवा पुढे कार्डावर जाते. शिवाय कार्डाच्या लांबीतून ५२ मि.मी. कमी होतात. संगणकातील सर्वांत जास्त उष्णता जेथे कार्डाची आहे, तेथे ताज्या हवेचा पहिला हक्क कार्डाचा. म्हणून मोठ्या कार्डाबरोबर रेडिएटर शक्यतो वर लावावा.

वर जागाच नसेल आणि पुढेच लावावा लागला तर नळ्यांचा विचार करावा. कुलरमधील द्रव वर्षानुवर्षे थोडा थोडा कमी होतो आणि त्याची जागा हवा घेते. ही हवा नेहमी सर्वांत उंच जागी जमते. ती उंच जागा पंप असता कामा नये, नाहीतर पंप कोरडा फिरतो, घरघरतो आणि लवकर निकामी होतो. म्हणून रेडिएटरचे वरचे टोक पंपापेक्षा उंच असलेच पाहिजे. रेडिएटर तळाशी कधीही लावू नये. नळ्या खालच्या बाजूने काढल्या तर हवा वरच्या टाकीत अडकून राहते आणि आवाज होत नाही, हे उत्तम. पण कार्ड लांब असेल तर खालून आलेल्या नळ्यांना कार्डाच्या टोकाला वळसा घालून वर जावे लागते, आणि तेथे बोटभरही जागा नसते. नळी तेथे चेपली तर द्रवाचा प्रवाहच कमी होतो. अशा वेळी नळ्या वरून काढाव्यात. रेडिएटरचे टोक पंपापेक्षा उंच आहे एवढे पाहिले की पुरे. फार तर काही वर्षांनी थोडा खळखळ आवाज येईल, पण पंप वाचेल.

पुढच्या बाजूच्या मोठ्या रेडिएटरला खाली हार्डडिस्कचा पिंजराही आडवा येतो. तो स्क्रूचा असेल तर काढता येतो. रिव्हेटचा असेल तर ड्रिल मारावे लागते. ड्रिल मारण्याआधी कॅबिनेट पूर्ण रिकामे करावे आणि नंतर लोखंडाचा कीस ब्रशने व फुंकणीने साफ करावा. एक कण मदरबोर्डवर राहिला तरी शॉर्ट होतो.

बसवण्याचा क्रम

प्रथम एसएमपीएस आणि त्याच्या वायरी. मग मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बसवून घ्यावेत. मग रेडिएटर आणि पंप. पंपाच्या तांब्याच्या पट्टीवरील पातळ प्लॅस्टिक काढायला विसरू नये. घाईत हे विसरते आणि प्रोसेसर का तापतो याचा शोध दिवसभर चालतो. पंपाची वायर मदरबोर्डवर पंपासाठी राखलेल्या जागीच लावावी, म्हणजे तो सतत पूर्ण वेगाने फिरतो. कार्ड सर्वांत शेवटी. रेडिएटर लावल्यावर कार्ड आत जायला जागाच उरत नसेल, तर मात्र आधी कार्ड स्लॉटमध्ये घालून नंतर पुढचा रेडिएटर कसावा.

पंप कार्डाच्या वर असतो हे विसरू नये. नळीच्या जोडातून थेंब गळला तर तो कार्डावरच पडेल. तयार बंद कुलर सहसा गळत नाही, पण त्याचे स्क्रू उघडून आत पाहण्याचा मोह टाळावा. पहिल्यांदा चालू करताना नळीच्या जोडाखाली कोरडा कागद धरून पाहावा. काही कंपन्या गळतीने झालेल्या इतर नुकसानीचीही भरपाई देतात, तेव्हा कुलर घेताना वॉरंटीचा कागद वाचून घ्यावा.

दोन किलोचे कार्ड एका कडेवर लटकते आणि हळूहळू खाली झुकते. त्याला टेकू हवाच. हा टेकू बाजारात मिळतो, पण येथे आपल्या कारागीर बंधूंना काम आहे. पाट्या करणारा ॲक्रिलिकचा, फॅब्रिकेशनवाला ॲल्युमिनियम अँगलचा आणि लेथवाला उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्क्रूचा टेकू सहज करू शकतो. टेकूच्या माथ्यावर रबराचा तुकडा चिकटवावा आणि धातू कार्डाच्या मागच्या वायरिंगला लागणार नाही असे पाहावे. रांजणगावच्या कारखान्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करणाऱ्या फिटरला हे काम अवघड नाही.

वीज, धूळ आणि वाहतूक

आरटीएक्स ४०९० साठी एनव्हिडियाने ८५० वॅटचा एसएमपीएस सुचवला आहे, ५०९० साठी १००० वॅटचा. येथे काटकसर करू नये. दुकानात नेहमी विकला जाणारा ६०० व्हीएचा यूपीएस केवळ ३६० वॅटचा भार घेतो. वीज जाताच तो या संगणकासह बंद पडेल आणि ग्राहकाचे चालू काम जाईल. अशा संगणकाला १५०० व्हीए किंवा त्याहून मोठा यूपीएस, चांगली अर्थिंग आणि वेगळा प्लग पॉइंट सांगावा.

दौंड तालुक्यात गुऱ्हाळे पुष्कळ आहेत. त्यांची काजळी, ऊस वाहतुकीची धूळ आणि उन्हाळ्यातील वारे यांमुळे रेडिएटरच्या पात्या लवकर भरतात. पंख्यापुढे जाळी असलेलेच कॅबिनेट घ्यावे. जाळी महिन्यातून एकदा धुवावी आणि सहा महिन्यांतून एकदा संगणक दुकानात आणून रेडिएटर हवेने साफ करून घ्यावा. हे काम ठरावीक मजुरीवर दुकानदारानेच करावे. ग्राहकही टिकतो आणि चार पैसेही मिळतात.

जोडलेला संगणक खेड्यावर पोहोचवताना कार्ड काढून त्याच्या मूळ बॉक्समध्ये न्यावे. खड्ड्यातील एका दणक्याने स्लॉट तुटू शकतो. काढणे शक्य नसेल तर कॅबिनेट काचेची बाजू वर करून आडवे ठेवावे, म्हणजे कार्ड स्लॉटवर सरळ उभे राहते.

ताब्यात देण्यापूर्वी

काच लावून, भर दुपारी, कार्ड आणि प्रोसेसर दोन्हींवर पूर्ण भार देऊन तासभर संगणक चालवावा. उघड्या कॅबिनेटमधील चाचणीला अर्थ नाही. आरटीएक्स ४०९० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे, तर वर सांगितलेल्या इंटेल प्रोसेसरची १०० अंश. दुपारच्या चाचणीत या मर्यादेच्या जवळ जाणारा संगणक मे महिन्यात तक्रार घेऊन परत येणारच. तासाभरानंतरचे दोन्ही आकडे, खोलीचे तापमान, कार्ड व कुलरचे क्रमांक आणि वॉरंटीची मुदत जीएसटीच्या बिलाबरोबर लिहून द्यावी व एक प्रत आपल्याकडे ठेवावी. उद्या वाद झाला तर हा कागद बोलतो.

शेवटी ग्राहकाच्या गरजेविषयी. फ्लेक्सचे डिझाईन, दुकानाचा हिशेब किंवा साधे रेखांकन करणाऱ्याला यांतले काहीच लागत नाही. ११५ वॅट घेणारे आरटीएक्स ४०६० सारखे कार्ड आणि हवेचा साधा कुलर त्याला पुरतो, आणि तो कुठल्याही चांगल्या कॅबिनेटमध्ये बसतो. त्याला ते स्पष्ट सांगावे. आज दोन हजार रुपये कमी सुटतील, पण हा ग्राहक पुढच्या वेळी आपल्या भावाला घेऊन येईल. ज्याला खरोखर मोठे कार्ड हवे आहे, त्याच्याकडून आगाऊ रक्कम घेण्याआधी मापे घ्यावीत, ती कागदावर मांडावीत आणि पुठ्ठा धरून पाहावा. माल आणायला पुण्याची गाडी त्यानंतरच पकडावी.